मध्यंतराची गिटार

मोसमातल्या पहिल्या घरच्या मॅचला मैदानाभोवती अकरा माणसं होती. मी स्वतः मोजली. खेळाडूंच्या मैत्रिणी दोन, आमच्या टीममधल्या उदयची आई एक, प्रथमोपचाराचे स्वयंसेवक दोन, रग्बी आहे असं समजून आलेली मुलं तीन, कुत्रा फिरवणारे गृहस्थ एक, ज्याचं भाडं अजून कपडे बदलायच्या खोलीत होतं असा टॅक्सीवाला एक, आणि मी. कुत्रा धरलेला नाही.

खेळ होता अमेरिकन फुटबॉल. म्हणजे ज्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो आणि खांद्यांना उशा बांधलेली मुलं एकमेकांवर आदळतात तो. कॉव्हेंट्रीत हा खेळ कोण खेळतं, असं मला महाराष्ट्र मंडळातल्या प्रत्येकाने निदान एकदा तरी विचारलेलं आहे. १९९२ साली त्याचं उत्तर असं होतं की आमच्या कॉलेजची 'जॅकडॉज' नावाची टीम खेळायची आणि नियमितपणे हरायची. जॅकडॉ हा कावळ्याचा धाकटा भाऊ, म्हणून टीमचा रंग काळा. मी फिजिक्सची पदवी घेऊन त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागले होते आणि रविवारी टीमची आकडेवारी ठेवायचे. आकडेवारी ठेवणं सोपं होतं, कारण आमच्या बाजूचा रकाना बहुतेक रिकामाच असे.

हा नाद लहानपणापासूनचा. माझा राजीवमामा मिशिगनला असतो. तो दर हिवाळ्यात कॉलेज फुटबॉलच्या मॅचेस टेप करून पाठवायचा. अमेरिकन टेप आमच्या इंग्लिश व्हिडिओवर नीट चालत नाहीत. चित्र काळंपांढरं दिसतं आणि जिना चढल्यासारखं सारखं वर सरकत राहतं. त्यामुळे खेळाचे नियम मी बिनचूक शिकले, पण तिकडच्या टीम रंगीत कपडे घालतात हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्या टेपांमध्ये मला सगळ्यांत आवडायचं ते मध्यंतर. खेळाडू आत जायचे आणि मैदानावर बँड यायचा. एका टेपमध्ये बँडच्या पुढे एक मुलगी इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभी होती, म्हणजे तीसुद्धा वर सरकत होती, पण तिने पहिली तार छेडली तेव्हा पन्नास हजार माणसं उठून उभी राहिली. तेव्हापासून कॉलेज फुटबॉल आणि इलेक्ट्रिक गिटार या माझ्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी राहिलेल्याच नाहीत. आईने यावर उपाय म्हणून मला पेटीच्या क्लासला घातलं होतं. उपयोग झाला नाही.

तर, अकरा माणसं. स्टुडंट्स युनियनच्या ग्रॅहमला हा आकडा आवडला नाही. ग्रॅहम अकाउंटन्सी शिकत होता आणि युनियनच्या क्रीडा विभागाचा सेक्रेटरी होता. त्याच्या अंगठ्याखाली कायम एक मोजणी यंत्र असे, बसमध्ये माणसं मोजतात तसलं. त्याने उदयला आणि मला बोलावून सांगितलं की शेवटच्या घरच्या मॅचला शंभर प्रेक्षक आले नाहीत तर जॅकडॉज बंद, आणि मैदान लॅक्रॉसच्या, म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलणाऱ्यांच्या, क्लबला.

"शंभर प्रेक्षक म्हणजे कोणतेही शंभर?" मी विचारलं. व्याख्या आधी पक्की केलेली बरी असते.

"टीमचे प्रेक्षक," ग्रॅहम म्हणाला. "कुत्रेवाले नाहीत, टॅक्सीवाले नाहीत. अंगावर टीमचा रंग दिसला पाहिजे. खेळाडू, पंच, प्रथमोपचारवाले धरायचे नाहीत. आणि कार्यक्रम करणारेही नाहीत. लॅक्रॉसवाल्यांनी गेल्या वर्षी स्वतःचे ढोलवाले प्रेक्षक म्हणून मोजून दाखवले होते."

उदय आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन बाकीच्यांना हुकूम सोडणारा. जन्म बर्मिंगहॅमचा, बांधा कपाटासारखा, आणि मराठी फक्त आईच्या धाकाने. बाहेर आल्यावर तो पायरीवर बसला.

"वैजू, माझा लाइफमधला एकच चांगला गोष्ट आहे हे टीम," तो म्हणाला. "बंद झाला तर मी संडेला काय करणार? आई मला मंडळात घेऊन जाईल."

त्याच्या आवाजातली भीती खरी होती. मी त्याला सांगितलं की काळजी करू नकोस, मध्यंतराला मी इलेक्ट्रिक गिटार वाजवते, बघ लोक कसे येतात ते. मिशिगनला पन्नास हजार येतात. आपल्याला शंभरच हवेत.

माझ्याकडे गिटार नव्हती, हा मुद्दा त्याने काढला नाही आणि मीही काढला नाही.

विकत घ्यायची ऐपत नव्हती असं नाही. पण इलेक्ट्रिक गिटारमध्ये असतं काय? एक लाकडी फळी, सहा तारा, सहा लोहचुंबक आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. हे ज्याला समजलं त्याने आयती गिटार घेणं म्हणजे पदवीचा अपमान. शेजारचे मिस्टर प्रिचर्ड हे निवृत्त गृहस्थ. सगळं आयुष्य त्यांनी मोटारींच्या कारखान्यात दारं बसवण्यात घालवलं होतं. त्यांनी शेडमधून एका जुन्या वॉर्डरोबचं दार काढून दिलं. त्यातून गिटारचा आकार कापेपर्यंत मला कळलं की दाराच्या आत बरंचसं पुठ्ठ्याचं आहे. मग उरलेल्या अर्ध्या दारातून दुसरा आकार कापला, तो जरा अरुंद झाला. मिस्टर प्रिचर्ड म्हणाले, "बिजागरीची बाजू घ्यायला हवी होतीस, पोरी. दार नेहमी बिजागरीच्या बाजूला भक्कम असतं." हे त्यांनी कापून झाल्यावर सांगितलं.

तांब्याची तार गुंडाळायला आईचं शिवणयंत्र घेतलं. बॉबिन भरायची चकती असते, तिच्यावर चुंबक बसवले. केसाहून बारीक तार सात हजार वेढे, मोजत मोजत. पाच हजारच्या पुढे कुठेतरी आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "वैजू, वाटाणे किती घालू?" आणि माझा आकडा गेला. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वेळेला तार तुटली. तिसऱ्या वेळेला आई स्वतःच दारात येऊन उभी राहिली. "माझ्या ब्लाउजची एक बाही तीन आठवडे लोंबतेय. हळदीकुंकवाला मी काय एका बाहीचं घालून जाऊ?"

"पंधराशे राहिले, आई. बोलू नकोस."

"मी माझ्या घरात बोलू नको?"

ॲम्प्लिफायर मी बाबांच्या जुन्या रेडिओग्रामचे अवयव काढून बनवला. माझे बाबा, डॉक्टर पद्माकर, हॉस्पिटलमध्ये भूल देतात. त्या दुपारी ते ऑन कॉल असल्यामुळे कोचावर एक डोळा उघडा ठेवून झोपले होते. मी पहिली तार छेडली. आवाज आला, खोल, सुंदर, आणि त्याच्या पाठोपाठ ॲम्प्लिफायरमधून एक पंजाबी माणूस खणखणीत आवाजात म्हणाला की स्टेशनवर दोन जण थांबलेत, लवकर या.

बाबा ताडकन उठून बूट शोधायला लागले. "सांगा निघालो म्हणून! ब्लडप्रेशर किती आहे?"

आमच्या गल्लीच्या तोंडाशी टॅक्सीचं ऑफिस आहे. माझी सात हजार वेढ्यांची गुंडाळी त्यांचा वायरलेस पकडत होती. याला कारण आहे आणि उपायही आहे. पण बाबांनी कारण ऐकून घेतलं नाही. ते एवढंच म्हणाले, "वैजू, माझ्या कामात पेशंटने काही ऐकू नये अशी अपेक्षा असते. तू हा आदर्श समोर ठेव."

तेवढ्यात मिस्टर प्रिचर्ड कुंपणापाशी आले, कानाला हात लावून. त्यांना ऐकू कमी येतं. त्यांच्या श्रवणयंत्राला टेलिफोनसाठी एक खास बटण असतं. ते दाबलं की यंत्र हवेतला आवाज ऐकायचं सोडतं आणि जवळपासच्या विजेच्या गुंडाळ्या ऐकायला लागतं. बटण चुकून दाबलेलं होतं. आख्ख्या कॉव्हेंट्रीत माझी गिटार थेट डोक्याच्या आत ऐकू येणारा हा एकमेव माणूस. "फार गोड वाजवतेस," ते म्हणाले. "पण मधे मधे त्या टॅक्सीवाल्याला गप्प कर."

दुसऱ्या दिवशी मी कौन्सिलला फोन केला. मैदान कौन्सिलचं, मग गिटार वाजवायला कोणाला तरी विचारायला हवं. बागा विभागाने सांगितलं की झाडाला बांधणार नसाल तर आमचा संबंध नाही. करमणूक विभागाने विचारलं की तिकीट आहे का, नसेल तर ही करमणूक नव्हे. शेवटी पर्यावरण आरोग्य विभागात मिस्टर टिंडल भेटले. त्यांचा आवाज इतका हळू होता की मला फोन कानात कोंबावा लागला.

"ध्वनिवर्धक लावणार?"

"छोटासा."

"मग कुंपणापाशी पासष्ट डेसिबलची मर्यादा. मी मीटर घेऊन स्वतः येईन."

"रविवारी?"

"रविवारी मी घरी नसलो तर माझ्या बायकोला चालतं," मिस्टर टिंडल म्हणाले.

इथपर्यंत सगळं शास्त्रशुद्ध चाललं होतं. मी कॉलेजभर पोस्टर लावली: 'मध्यंतरात इलेक्ट्रिक गिटार. वादक: वैजू.' दहा दिवसांनी चौकशी केली तेव्हा येतो म्हणणारे चार निघाले, त्यातला एक लॅक्रॉसचा होता आणि मैदान मोजून बघायला येणार होता. उदयने पुन्हा पायरी धरली.

त्याच संध्याकाळी आमच्या घरी रडारड सुरू होती. आई मंडळाच्या महिला शाखेची प्रमुख. शाखेचं संक्रांतीचं हळदीकुंकू जानेवारीच्या शेवटच्या रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये ठरलेलं, आणि हॉलचा बॉयलर फुटून सगळीकडे पाणी. गावातल्या बायका होत्याच, शिवाय बर्मिंगहॅमहून बायकांची अख्खी बस येणार होती. वाण म्हणून लुटायला आईने पुण्याहून स्टीलच्या वाट्या आणलेल्या, प्रत्येकीसोबत एक चमचा. त्या वाट्यांपायी विमानतळावर तिने बाबांचे बूट सामानातून काढून त्यांच्या पायात घालायला लावले होते. मंडळाचे अध्यक्ष शशीकाका आमच्या दिवाणखान्यात येरझारा घालत होते.

"आता एवढ्या बायका मी कुठे बसवू, सुनीतीताई? लायब्ररीत? तिथे बोलायला बंदी आहे."

"मग लायब्ररी नकोच," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, "कॉलेजच्या मैदानाला पॅव्हेलियन आहे. त्या रविवारी उघडं असतं. भाडं नाही. फक्त तिथे एक मॅच चालू असेल."

शशीकाका थांबले. "कसली मॅच?"

"फुटबॉलची. तुम्ही तिकडे बघायलाच पाहिजे असं नाही."

 आईला संशय आला की मला यात काही मिळणार आहे. पण वाट्यांचं ओझं मोठं होतं. "चहाला विजेची सोय आहे?" तिने विचारलं. आहे, मी म्हटलं. ठरलं.

शेवटच्या घरच्या मॅचला माणसं मिळाली, आता रंग हवा. मंडळाच्या बायका काळे स्कार्फ थोड्याच आणणार होत्या? मी ठरवलं की दंडाला बांधायला काळ्या फिती करून वाटायच्या. जुन्या पांढऱ्या चादरी फाडल्या, शनिवारी बाथटबमध्ये काळा रंग कालवला, मीठ वजन करून घातलं, तापमान थर्मामीटरने सांभाळलं. तासाभराने फिती बाहेर काढल्या तर त्या जांभळट निघाल्या. फिकट, आजारी जांभळट. चादरी अर्ध्याअधिक पॉलिएस्टरच्या होत्या आणि पॉलिएस्टर या रंगाला दाद देत नाही, हे बाटलीच्या मागे अगदी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. टबाच्या तळाशी मात्र एक गोष्ट अप्रतिम काळी झाली होती. डोमकावळ्यासारखी, तकतकीत. तो बाबांचा शुद्ध सुती पांढरा शर्ट होता. तो तिथे कसा गेला याचा शोध लागला नाही.

"हा मी उद्या घालणार होतो," बाबा म्हणाले.

"घाला ना," आई म्हणाली. "दुसरा इस्त्रीचा नाहीये."

रविवारी मैदानावर दोन अंश तापमान होतं. समोरची टीम लाल कपड्यांत, दांडगी, त्या मोसमात एकही मॅच न हरलेली. ग्रॅहम अंगठा तयार ठेवून उभा होता. कुंपणापाशी मिस्टर टिंडल तिपाईवर मीटर लावून बसले होते. मी जांभळट फितींची पिशवी घेऊन उभी होते आणि ग्रॅहमला हा रंग विशिष्ट उजेडात काळा कसा ठरतो हे पटवण्याची वाक्यं जुळवत होते.

बर्मिंगहॅमची बस आली, मागोमाग गावातल्या बायकांच्या मोटारी. दारं उघडली. मरून कोट, निळा कोट, पोपटी कोट, कोणाच्या तरी मुलाचा नारिंगी अनोरॅक. ग्रॅहमचा अंगठा हलला नाही. मी फितींच्या पिशवीत हात घातला.

मग वाऱ्याने पुढच्या बाईच्या कोटाची बाजू उडाली आणि आतली साडी दिसली. काळी. तिच्या मागचीची काळी, सोनेरी बुट्ट्यांची. तिच्या मागचीची काळी, लाल काठाची. संक्रांतीला बायका काळं नेसतात. माझी आई नेसते, आजी नेसायची, मी स्वतः लहानपणी हलव्याच्या दागिन्यांत काळं परकर-पोलकं घालून फोटो काढून घेतलेला आहे, तो आमच्या जिन्यात लावलेला आहे आणि मी रोज त्याच्यासमोरून जाते. तरी मी शनिवारभर बाथटबपाशी बसले होते.

"आई," मी धावत जाऊन म्हटलं, "सगळ्यांना कोट काढायला सांग. लगेच."

"वेड लागलंय का? बर्फ पडायचं बाकी आहे!"

"नाहीतर उदयची टीम बंद होईल."

आईने उदयकडे पाहिलं. तो मैदानाच्या मध्यावर हेल्मेट काखेत धरून उभा होता आणि कपाटासारखा असूनही फार केविलवाणा दिसत होता. मग ती वळली आणि सभेतल्या आवाजात म्हणाली, "बायांनो, ग्रुप फोटो! साड्या दिसल्या पाहिजेत. कोट काढा!"

फोटो म्हटल्यावर थंडी मध्ये येत नाही. अर्ध्या मिनिटात कुंपणालगत काळ्या साड्यांची लांबलचक रांग उभी राहिली. समोरच्या टीमचा कोच आमच्या कोचला म्हणाला, "हे कुठून आणलेत?" ग्रॅहमचा अंगठा भराभर चालू लागला.

"अहो, हा फोटो कधी काढणार?" रांगेतून कोणीतरी ओरडलं. "माझ्या नाकाचा बर्फ झालाय!"

"अजून येतायत," मी म्हटलं. "हलू नका."

वेळ काढायला आईने सुलक्षणाला नाव घ्यायला लावलं. तिचं लग्न होऊन महिनाच झाला होता. ती दात वाजवत म्हणाली, "कॉव्हेंट्रीच्या थंडीत गोठलं माझं नाक, हरीशरावांचं नाव घेते, कोणीतरी चहा टाक!"

ग्रॅहम थांबला. "सत्त्याण्णव."

बाबा पुढे आले, कोट उघडून शर्ट दाखवत. ग्रॅहमने कापड दोन बोटांत धरून बघितलं. "हा खरा काळा आहे," तो आदराने म्हणाला. "अठ्ठ्याण्णव." मिस्टर प्रिचर्ड अंत्ययात्रांना घालायच्या काळ्या टोपीत आले होते. नव्याण्णव. शशीकाकांनी काळी छत्री उघडून दाखवली, पण छत्री हा पोशाख नव्हे असं ग्रॅहमने ठरवलं. उदयची आई कोपऱ्यात शेंदरी साडीत उभी होती. तिला काळा रंग शोभत नाही, हे तिचं म्हणणं मंडळात सर्वश्रुत आहे आणि मुलासाठीसुद्धा ते बदलणार नव्हतं.

"मी आहे ना!" मी म्हटलं. मी टीमची काळी जर्सी घातली होती. "शंभर!"

ग्रॅहमने माझ्या खांद्याला लटकलेल्या अरुंद गिटारकडे पाहिलं. "तू कार्यक्रम करणारी. पोस्टरवर तुझंच नाव आहे. धरता येणार नाही."

त्याच क्षणी मॅच सुरू झाली आणि बायकांना गारठा असह्य झाला. कोट शशीकाकांनी पॅव्हेलियनमध्ये नेऊन ठेवले होते. पॅव्हेलियनमध्ये जायची वाट चहाच्या रांगेने अडवली होती. हाताशी काय होतं, तर आईने फोटोच्या रांगेतच वाटलेलं वाण. कोणीतरी अंग गरम करायला वाटीवर चमचा मारला. मग शेजारणीने. मग सगळ्यांनी.

इथे एक नियम सांगणं भाग आहे. या खेळात चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांचा म्होरक्या ओरडून इशारा देतो आणि तो ऐकून सगळे एकदम उसळतात. इशाऱ्याआधी एकजण जरी हलला तर टीमला पाच यार्ड मागे जावं लागतं. आता लाल टीमच्या म्होरक्याने तोंड उघडलं की वाट्या. पोरांना काही ऐकू येईना. एकजण लवकर उसळला. शिट्टी, पाच यार्ड मागे. पुन्हा वाट्या. पुन्हा एकजण. मागे.

आईच्या हे लक्षात आलं. "वाजवलं की ते पडतात पुढे," ती अलगद म्हणाली. "पण आपली पोरं बोलत असली की वाजवायचं नाही हं. बघा, उदय बोलतोय. शूऽऽ!" महिला शाखेला एवढ्या एकमताने वागताना मंडळाच्या इतिहासात कोणी पाहिलं नव्हतं. शशीकाका हात जोडून नुसते बघत राहिले.

मध्यंतर झालं. शून्य-शून्य. जॅकडॉज मध्यंतराला हरत नव्हते हे पहिल्यांदाच घडलं, पण मला त्याचं काय! मी ॲम्प्लिफायर उचलून पॅव्हेलियनमधल्या विजेच्या पॉइंटपाशी गेले. पॉइंट एकच होता आणि त्यात मंडळाचा चहाचा बंब लावलेला.

"तपासणीचं स्टिकर?" मिस्टर टिंडल माझ्या मागे येऊन पुटपुटले. "मेनवर लावायचं तर पाहिजे."

माझ्या ॲम्प्लिफायरवर रेडिओग्रामची पितळी पट्टी होती. ती चालली नाही. चहाच्या बंबावर मात्र हिरवं, ताजं स्टिकर होतं. शशीकाका या बाबतीत फार काटेकोर आहेत. "वैजू, बाळ, शंभर माणसांचा चहा आहे," ते म्हणाले. "कला काय, कधीही होते."

उरला तो सरावाचा स्पीकर. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, साबणाच्या डबीएवढा. मी तो घेऊन मैदानाच्या मध्यावर गेले. स्पीकर गवतावर ठेवला. टेपमधली ती मुलगी आठवली. पाय फाकवून उभी राहिले, हात उंच नेला आणि तार छेडली.

पलीकडच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला.

मी वाजवत राहिले. सात हजार वेढे, बिजागरीची बाजू नसलेलं दार, आणि मी. कुंपणालगत बायका चहा पीत होत्या आणि मला हात करत होत्या. "वैजू, सुरू कर ना आता!" आई ओरडली. माझी निम्मी धून संपली होती.

एक माणूस मात्र हललेला होता. मिस्टर प्रिचर्ड मैदानात येऊन स्पीकरशेजारीच खुर्ची टाकून बसले होते, कानाचं बटण दाबून, डोळे मिटून. धून संपली तेव्हा त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. एकट्याने. "टॅक्सीवाला गेला वाटतं," ते म्हणाले.

मध्यंतरानंतर बायकांच्या अंगावर कोट होते, पण वाट्या कोणी खाली ठेवल्या नाहीत. लाल टीम मागे मागे सरकत शेवटी स्वतःच्या रेषेपाशी जाऊन उभी राहिली, आणि तिथे आमच्या दोघांनी त्यांच्या म्होरक्याला त्याच्याच रेषेमागे लोळवलं. याचे समोरच्याला दोन गुण मिळतात. मॅच संपली तेव्हा फलकावर दोन-शून्य होतं. उदय चिखलाने माखलेला तसाच धावत आला आणि त्याने माझ्या आईला उचललं. "काकू, तुझा वाटी बेस्ट आहे!" आई म्हणाली, "साडी, साडी!" पण उतरली नाही.

आई तिळगुळाचा डबा घेऊन लाल टीमच्या रांगेत शिरली, तेव्हा ग्रॅहम उदयकडे आला. त्याचा चेहरा पडला होता. अकाउंटंटचा चेहरा पडणं ही साधी गोष्ट नाही.

"नव्याण्णव," तो म्हणाला. "मला नियम मोडता येत नाही. सॉरी, उदय."

उदय खाली बसला. या वेळी पायरीही नव्हती, चिखलच होता.

"तिला धर ना," तो माझ्याकडे बोट करून म्हणाला.

"तिने कार्यक्रम केला."

"केला?" शशीकाका म्हणाले. "कधी?"

"मी इथेच होते," सुलक्षणा म्हणाली. "तिने सुरूच केलं नाही."

 मी केला होता. पूर्ण धून, एकही चूक न करता. पण उदय चिखलात बसला होता.

"अप्रतिम केला!" मिस्टर प्रिचर्ड पुढे येऊन ठणकावून म्हणाले. "प्रत्येक सूर ऐकला मी. कोण म्हणतं केला नाही?" मी त्यांना डोळ्यांनी खुणावलं, पण त्यांना ऐकू कमी येतं तसं खुणा कळणंही कमीच. "शेवटची तान तर काय!"

ग्रॅहम दोन्हीकडे बघत राहिला. एका बाजूला अख्खं मंडळ, दुसऱ्या बाजूला एक डोळ्यांत पाणी आलेला साक्षीदार. मग त्याला कुंपणापाशी तिपाई घडी करणारे मिस्टर टिंडल दिसले.

"तुमच्याकडे नोंद असेल," तो म्हणाला. "मीटरला कार्यक्रम ऐकू आला असेल तर ती कलाकार. नसेल तर ती प्रेक्षक. मंजूर?"

"मंजूर," उदय म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी गिटारचा पट्टा खांद्यावर नीट केला. "मंजूर," मी म्हटलं.

"वाट्यांबद्दल तक्रार नाही," मिस्टर टिंडल चष्मा लावत म्हणाले. "ब्याण्णव भरल्या, पण वाटीला ध्वनिवर्धक नसतो." मग त्यांनी मीटरचा कागद उलगडला आणि त्यांच्या नेहमीच्या हळू आवाजात वाचलं.

मध्यंतर, गिटार सुरू होण्याआधी, रस्त्यावरची रहदारी: चोपन्न डेसिबल. मध्यंतर, गिटार चालू असताना: चोपन्न डेसिबल.